कायापालट स्टेशनचा, गुडघे आमचे

'कायापालट' हा शब्द पूर्वी पुराणातल्या गोष्टींत भेटायचा. आता तो रेल्वे स्टेशनच्या बातमीत भेटतो. "स्टेशनचा होणार कायापालट!", "स्टेशनला येणार विमानतळाचा लूक!" आणि बातमीसोबत एक चित्र. मंडळी, ते चित्र एकदा नीट बघा. ते नेहमी आकाशातून बघितल्यासारखं असतं. काचेची मोठी कमान, समोर हिरवळ, चार-पाच मोटारी. माणसं काढलीच तर मुंगीएवढी, हातात चाकांची बॅग घेतलेली. डोक्यावर गाठोडं घेतलेला एकही माणूस त्या चित्रात नसतो. काखेत पोर आणि हातात पिशवी घेतलेली बाई नसते. काठी टेकत चाललेले आजोबा नसतात. आणि जिना? तो तर नसतोच!

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. स्टेशन ही बघायची इमारत नाही, ती चालायची वाट आहे. जुन्या स्टेशनांची सुधारणा दर्शनी भागापासून नव्हे, जिन्यापासून सुरू झाली पाहिजे. जिथे हा क्रम उलटतो तिथे आधी पैसा वाया जातो, आणि एखाद्या गर्दीच्या दिवशी माणसं जातात.

आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे सरकारी पत्रक वाचतानाही व्याकरण सुटत नाही. "प्रवाशांना जागतिक दर्जाच्या सुविधा पुरवण्यात येतील." या वाक्यात प्रवासी कुठे आहे? चतुर्थीत. चतुर्थी म्हणजे संप्रदान, ज्याला काहीतरी द्यायचं तो. भिक्षुकाला दक्षिणा, प्रवाशाला सुविधा. देणारा कोण ते कर्मणी प्रयोगात लपलेलं. प्रवासी कर्ता म्हणून त्या वाक्यांत कधी येतच नाही. तो चालतो, चढतो, धावतो, धापा टाकतो, ओझं उचलतो, हरवतो, विचारतो ही त्याची क्रियापदं कुठल्याच पत्रकात नसतात. ज्या दिवशी ती येतील, त्या दिवशी स्टेशनचे नकाशे आपोआप बदलतील.

हे होऊ शकतं, आणि आपल्याच एका माणसाने ते करून दाखवलं आहे. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, कोकणातून निवडून आलेले. तेव्हा दुसऱ्या वर्गात झोपायला नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. माझ्या वयाच्या वाचकांच्या पाठीला त्या अजून आठवत असतील! दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांची गादी बसवायला लावली. बस्स, दोन इंच. त्याला कोणी कायापालट म्हटलं नाही, पण कोट्यवधी माणसांची रात्र बदलली. त्यांनी आधी प्रवाशाच्या पाठीचा विचार केला आणि मग डब्याचा. मी आज स्टेशनासाठी एवढंच मागते आहे. आधी पायाचा विचार करा, मग कमानीचा.

आता कोणी म्हणेल, मावशी, गादीचं ठीक आहे, पण जिन्यासाठी एवढा त्रागा कशाला? त्यांच्यासाठी तीन तारखा सांगते.

पहिली तारीख २९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. मुंबईत अचानक मोठा पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर माणसं पावसासाठी थांबली, आणि वरून गाड्यांतून उतरलेली माणसं येतच राहिली. २३ जीव गेले. घातपात नव्हता, आग नव्हती, पूलही पडला नव्हता. जिना अरुंद होता, एवढंच. तो का अरुंद होता हे बघण्यासारखं आहे. त्या भागात एके काळी गिरण्या होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. गिरणी कामगार बहुतेक जवळच्या चाळींत राहायचा आणि भोंग्यावर पायी जायचा. कचेरीतला माणूस मात्र कल्याण-विरारहून लोकलने येऊ लागला. जमिनीवरचं सगळं बदललं, जिना गिरणीच्या काळातला राहिला. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती. तीही कागदावर होती. अपघातानंतर लष्कराला बोलावलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पूल खुला झाला. पाच महिन्यांत! जे पाच महिन्यांत होऊ शकतं ते आधी का झालं नाही, या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. त्याच वर्षी स्टेशनचं नावही बदलून प्रभादेवी झालं. नावाबद्दल माझी तक्रार नाही, चांगलंच आहे. पण पाटी बदलणं आणि पायरी रुंद करणं या दोन कामांत आधीचं कोणतं, हे ठरवायला समिती लागू नये.

दुसरी तारीख १० फेब्रुवारी २०१३. कुंभमेळ्यातली मौनी अमावास्या, अलाहाबाद स्टेशन. पादचारी पूल आणि जिना, आणि ३६ माणसं गेली.

तिसरी तारीख १५ फेब्रुवारी २०२५. पुन्हा कुंभ, या वेळी नवी दिल्ली स्टेशन. पुन्हा जिना. १८ माणसं गेली. पोलिसांनी सांगितलं की प्रयागराज हे नाव असलेल्या दोन गाड्यांच्या घोषणांमुळे गोंधळ झाला. पुढे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत उत्तर दिलं, की एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं जिन्यावर पडलं आणि त्यातून सगळं घडलं. हे उत्तर मी दोनदा वाचलं. कुंभाला निघालेला माणूस डोक्यावर ओझं घेऊन येणार नाही तर काय घेऊन येणार? तांदूळ, पांघरूण, भांडं, गंगाजलाचा कॅन! शेकडो वर्षं तो असाच येतो आहे. ज्या जिन्यावर एक गाठोडं पडलं तर अठरा माणसं मरतात, त्या जिन्यात दोष आहे, गाठोड्यात नाही.

आता नाशिककर वाचकांनी थोडं पुढे सरकून बसावं. २०२७ चा सिंहस्थ आपल्याकडे आहे. गर्दीत माणसं कशी जातात हे या गावाला शिकवायला नको. २७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या दिवशी अरुंद वाटेवर ३९ भाविक चेंगरून गेले, ती दुपार इथल्या जुन्या माणसांच्या मनातून गेलेली नाही. त्यातून आपण शिकलो, वाटा बदलल्या, घाट वाढवले, आणि २०१५ चा सिंहस्थ सुखरूप पार पडला. म्हणजे शिकता येतं. पण घाटावर जे शिकलो ते स्टेशनपर्यंत पोचलं पाहिजे. रेल्वेने येणाऱ्या भाविकाचा सिंहस्थ रामकुंडावर सुरू होत नाही. तो तिथून नऊ-दहा किलोमीटर अलीकडे, नाशिकरोडच्या फलाटावर सुरू होतो.

नाशिकरोड हे तसं विचित्र स्टेशन आहे. गाव एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे. एके काळी स्टेशनपासून मेनरोडपर्यंत ट्राम धावायची, ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बंद पडली. २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. टायरवर धावणारी मेट्रो म्हणून तिचं फार कौतुक झालं, आणि ती कागदावरच धावत राहिली. (ट्रामही गेली, मेट्रोही नाही. मधल्या शंभर वर्षांत रिक्षावाल्याशी घासाघीस तेवढी टिकली!) या स्टेशनात दोन अगदी वेगळ्या जातीचे प्रवासी येतात. एक, पंचवटी एक्सप्रेसचा पासवाला. ही गाडी १९७५ पासून धावते आहे आणि त्याला प्रत्येक पायरी पाठ आहे. दुसरा, आयुष्यात पहिल्यांदाच इथे उतरलेला. त्याला त्र्यंबकला जायचंय, शिर्डीला जायचंय, वणीला जायचंय, आणि आपण कुठल्या बाजूला बाहेर पडायचं हेच त्याला माहीत नाही. बिटकोकडे की सिन्नर फाट्याकडे? पहिला धावतो, दुसरा थबकतो. आणि धावणारा व थबकणारा एकाच जिन्यावर आले की एल्फिन्स्टन होतं. स्टेशनची रचना करणाऱ्याने सोडवायचं गणित हे आहे. कमान कोणत्या शैलीत असावी, हे नव्हे.

'अमृत भारत' योजनेत देशभरातली तेराशेच्या वर स्टेशनं आहेत. ६ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवशी ५०८ स्टेशनांची पायाभरणी झाली. २२ मे २०२५ ला १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात आपल्या जिल्ह्यातली देवळाली आणि लासलगाव ही दोन. मला या योजनेचा द्वेष नाही. लासलगावसारख्या कांद्याच्या गावात, जिथे शेतकरी आणि व्यापारी वर्षभर ये-जा करतात, तिथे चार पैसे खर्च झाले याचा आनंदच आहे. पण उद्घाटन म्हणजे निकाल नव्हे. निकाल परीक्षेनंतर लागतो, आणि ती परीक्षा कुणी घेतच नाही.

म्हणून शेवटी मीच प्रश्नपत्रिका काढली आहे. सवय जात नाही. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक, पर्याय नाहीत.

प्रश्न पहिला. रिक्षातून उतरल्यापासून डब्याच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? एकही पायरी न चढता प्रत्येक फलाटावर जाता येतं का? येत असेल तर ती वाट कुठे आहे, आणि तिथवर जायला किती फर्लांग चालावं लागतं?

प्रश्न दुसरा. जिना किती रुंद आहे, आणि ती रुंदी कोणत्या दिवसाची गर्दी मोजून ठरवली? एरवीच्या मंगळवारची, की पर्वणीची? उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची वाट वेगळी आहे का?

प्रश्न तिसरा. रात्री दोन वाजता एकट्या बाईला जाता येईल असा संडास उघडा आहे का? आत दिवा, पाणी आणि आतून लागणारी कडी, तिन्ही हवं. दोन असल्यास अर्धे गुण मिळणार नाहीत.

प्रश्न चौथा. घोषणा ऐकू येते का, आणि ऐकू आली तर कळते का? डबा कुठे लागणार हे गाडी येण्याआधी समजतं का? ऐनवेळी फलाट बदलला तर सत्तर वर्षांच्या माणसाने काय करावं, हे कुणी ठरवलं आहे का?

प्रश्न पाचवा. पिवळ्या फरश्या कुठे जातात?

हा पाचवा प्रश्न थोडा समजावून सांगते. फलाटावर पिवळ्या, उंचवट्यांच्या फरश्यांची ओळ असते ना, ती शोभेसाठी नाही. जपानमधल्या सेइइची मियाके नावाच्या गृहस्थाने १९६५ साली ती कल्पना काढली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात, अंध मुलांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या. लांबट पट्टे म्हणजे 'चालत राहा' आणि गोल ठिपके म्हणजे 'थांब'. पायाने वाचायची लिपीच ती! आमच्याकडे मात्र कितीतरी ठिकाणी ही ओळ चालता चालता वडापावच्या गाडीखाली शिरते, किंवा खांबावर जाऊन आदळते. म्हणजे अंध माणसाला आपण खात्रीने, पिवळ्याधमक अक्षरांत, खांबावर नेऊन आपटतो. फरश्यांचं बिल निघालं, काम 'पूर्ण' झालं. ज्याच्यासाठी बसवल्या त्याला एकदा चालवून बघायला काय पैसे पडतात?

आता आक्षेप. माझा एक भाचा पुण्यात आर्किटेक्ट आहे. तो फोन करणार हे नक्की, म्हणून इथेच उत्तरं देऊन ठेवते.

तो म्हणेल, "मावशी, लिफ्ट आणि सरकते जिने आले की आता!" आले, मान्य. पण ते चालू असतात का? एका मोठ्या स्टेशनात (नाव सांगत नाही, अशी पुष्कळ आहेत) लिफ्टच्या दाराला साखळी होती. विचारलं तर कळलं, "माणूस जेवायला गेलाय." वेळ सकाळी साडेदहाची! मी आणि एक पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगा, दोघं मिळून बेचाळीस पायऱ्या चढलो. यंत्र विकत घेणं सोपं असतं, ते रोज चालू ठेवणं कठीण. लंडनच्या भुयारी रेल्वेत किंग्ज क्रॉस स्टेशनात १८ नोव्हेंबर १९८७ ला लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली आणि ३१ माणसं गेली. जिन्याखाली वर्षानुवर्षं साचलेला कचरा आणि ग्रीस, त्यावर पडलेली जळती काडी. चौकशी झाली, १९८८ च्या अहवालात दीडशेच्या वर शिफारशी आल्या, लाकडी जिने काढून टाकले. त्या लोकांनी स्टेशनचा चेहरा नव्हे, जिन्याचं पोट तपासलं. शिवाय सरकता जिना हा साध्या जिन्याला पर्याय नव्हे. नऊवारीतल्या आजीला तो भीती घालतो, आणि वीज गेली की तो नेहमीच्या जिन्यापेक्षा उंच पायऱ्यांचा एक वाईट जिना होतो. उतार ठेवा, उतार! त्याला वीज लागत नाही आणि तो जेवायलाही जात नाही.

तो म्हणेल, "पैसा कुठून आणायचा? वर मॉल, हॉटेल बांधलं की त्यातून स्टेशन चालतं." गुजरातमध्ये गांधीनगर स्टेशनच्या माथ्यावर ३१८ खोल्यांचं पंचतारांकित हॉटेल आहे, २०२१ साली त्याचं उद्घाटन झालं. असेना का. पण मॉलचा आणि स्टेशनचा स्वभाव एकमेकांच्या उलट असतो. गिऱ्हाईक जितकं जास्त रेंगाळेल तितकं मॉलला हवं असतं, आणि प्रवासी जितका लवकर पार होईल तितकं स्टेशन चांगलं. दोघांची वाट एकच आखली तर एकाचं नुकसान होणार, आणि ते भाडं देणाऱ्याचं होणार नाही.

तो म्हणेल, "आपल्या लोकांना सवयच नाही, कितीही चांगलं करा, घाण करतात." हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण वर्गातल्या मुलांबद्दलही काही शिक्षक हेच म्हणायचे. आपल्याच पंचवटी एक्सप्रेसमध्ये पासधारकांनी एक डबा 'आदर्श डबा' म्हणून चालवला, स्वतः नियम केले आणि स्वतः पाळले. हीच नाशिकची, हीच मनमाड-निफाडची माणसं. जिथे माणसाला वाटतं की ही जागा आपल्यासाठी केली आहे, तिथे तो ती जपतो. जिथे त्याला वाटतं की आपण इथे अडचण आहोत, तिथे तो थुंकतो.

आणि शेवटी म्हणेल, "तुला ना, काही बदललेलंच नको असतं!" साफ खोटं. २०१४ साली घाटकोपरला फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत पडून एका कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात गेले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गाजलं आणि मुंबईतल्या लोकल स्टेशनांच्या फलाटांची उंची वाढवली गेली. काही इंचांचं काम. त्याचं चित्र वर्तमानपत्रात छापण्यासारखं नसतं, पण मी त्याला खरा कायापालट म्हणते. बदल हवाच आहे मला, पण नवेपण म्हणजे शहाणपण नव्हे. मुंबईची भुयारी मेट्रो बघा. लिफ्ट, सरकते जिने, गारवा, सगळं उत्तम. पण वरळीचं आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २६ मे २०२५ च्या पावसात पाणी थेट आत शिरलं. मुंबईत पाऊस पडतो, हे नकाशात कुणी लिहिलं नव्हतं बहुतेक. अत्र्यांना पुन्हा एकदा लेखणी उचलावीशी वाटली असती!

सौंदर्याला माझा विरोध नाही, हेही सांगून ठेवते. बोरीबंदरचं स्टेशन स्टीव्हन्सने बांधलं, २००४ पासून ते जागतिक वारसा आहे, आणि ते बघून आजही मान वर होते. पण त्याच्याच दारातला हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला आणि सात माणसं गेली. वारसा शाबूत राहिला, वाट पडली. घुमटाकडे बघणारे पुष्कळ होते, पुलाखाली वाकून बघणारा कुणी नव्हता.

तेव्हा नाशिककरांनो, आणि जिथे जिथे हे वाचताय तिथल्या मंडळींनो, एक करा. तुमच्या स्टेशनवर नवं काम निघालं की चित्र बघून खूश होऊ नका. वरची प्रश्नपत्रिका हातात घ्या, पिशवीत पाच किलो काहीतरी भरा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या आणि रस्त्यापासून शेवटच्या फलाटापर्यंत चालून या. पायऱ्या मोजा. मग ते आकडे लिहून स्टेशन मास्तरांना द्या, खासदारांना द्या, भुसावळच्या विभागीय कार्यालयाला पाठवा, पोच घ्या. रेल्वेच्या सल्लागार समित्या असतात. त्यांवर व्यापारी आणि पुढारी असतातच, पण एक हमाल, एक झाडूवाली आणि एक अंध पासधारक असावा असा आग्रह धरा. त्या तिघांना स्टेशनबद्दल जे माहीत असतं ते कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात येत नाही.

सिंहस्थात लाखो लोक येतील. त्यातले बहुतेक माझ्यासारखे म्हातारे असतील, कारण पुण्याची चिंता याच वयात लागते! त्यांना काचेची कमान दिसणारच नाही. त्यांची नजर खाली असेल, पुढच्या पायरीवर. ती पायरी रुंद असावी, कोरडी असावी, आणि तिच्यावर उजेड असावा. एवढं मागणं फार आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा डोक्यावर गाठोडं घेऊन चढून दाखवावं.